लाखोळीने लकवा मारतो?

लाखोळीच्या डाळीचे गरम वडे ताटात पडले की पंगतीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘खाऊ नका, लकवा मारतो.’ भंडारा-गोंदियापासून पुण्यापर्यंत हे इतक्यांदा ऐकलंय, की एकदा नीट उत्तर लिहूनच टाकावं म्हटलं. म्हणणारे बहुतेक शिकलेसवरलेले असतात, त्याचा जास्त राग येतो.

यातलं खरं आधी मान्य करू. लाख, लाखोळी, हिंदी मुलखात खेसारी किंवा तिवरा म्हणतात त्या कडधान्यात ओडॅप नावाचं अमिनो आम्ल असतं. 1964 साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ते वेगळं काढून ओळखलं. चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला ग्लुटामेट वापरतात. ओडॅप त्याच्याच जातकुळीचं. ते पेशींना चेतवत राहतं आणि पायांकडे हुकूम नेणाऱ्या पेशी त्यात बळी पडतात. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. पाय ताठरतात, मांड्या एकमेकींवर घासतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो. आधी एक काठी, मग दोन, मग जमिनीवर सरपटणं. बुद्धी आणि वाचा मात्र शाबूत राहते.

पण एका वड्याने किंवा एका वाटीने हे होत नाही. होत नाही म्हणजे नाही! रोज पोटात जाणाऱ्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळीच असेल, आणि तेही सलग दोन-तीन महिने, तर धोका उभा राहतो. इतकी लाखोळी कोण खातं? ज्याच्या घरात दुसरा दाणा नाही तो.

ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याने मध्य भारतातल्या सागरकडची हकिकत लिहून ठेवली आहे. 1829 मध्ये गारपिटीने गहू झोपवला, 1830 मध्ये पावसाने दगा दिला, 1831 मध्ये पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षं तगला तो फक्त तिवरा. लोकांनी तोच खाल्ला, आणि 1833 पासून तिशीच्या आतल्या तरण्या पोरांचे पाय जाऊ लागले. पुढे रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच खेसारीत मिळायची, आणि पांगळेपणही त्यांच्याच झोपड्यांत शिरलं. ज्यांच्याकडे गहू होता, त्यांचे पाय शाबूत राहिले.

तरीही शंका असेल, तर दुसऱ्या महायुद्धातली वाप्नियार्का छावणी पाहा. आज ती जागा युक्रेनमध्ये आहे. 1942 च्या शरदात तिथल्या ज्यू कैद्यांना जनावरांच्या चाऱ्याची हीच कडधान्यं रोज सुमारे 400 ग्रॅम दिली गेली. दोन-तीन महिन्यांत शेकडो जण पांगळे झाले. स्वतः कैदी असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखलं. दाण्यात विष होतं हे खरंच, पण पाय गेले ते दुसरं फारसं काही खायला न मिळाल्यामुळे. आपल्याकडे 1961 मध्ये केंद्राने भेसळ-प्रतिबंधक नियमांखाली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आणली. पण मजुराच्या घरात दुसरं धान्य पोचवणं हे बंदीचं काम नव्हतंच.

याच्या उलट टोकाची माणसंही भेटतात: ‘आमचा आजा जन्मभर लाखोळी खात होता, विषबिष सगळं थोतांड.’ तेही चूक. आजा डाळीसोबत धानाचा भातही खात होता, म्हणून चालता राहिला.

बाकीचे समज थोडक्यात. अर्धांगवायू लाखोळीने होतो? नाही, तो मेंदूच्या रक्तवाहिनीचा आजार. रोग पसरतो, रक्तातून उतरतो? दोन्ही नाही. भावाभावांना होतो तो चूल एक असते म्हणून. मालिशने बरा होतो? गेलेल्या पेशी परत येत नाहीत. डाळ थांबवली की बहुधा रोग वाढत नाही, एवढंच हाती असतं. सगळी लाखोळी सारखीच? नाही. रतन, प्रतीक, महातेवडा या सुधारित वाणांत ओडॅप 0.1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे.

धान कापणीला आलं असताना बांधीतल्या ओलीवर लाखोळीचं बी फेकतात. ना नांगरट, ना वेगळं पाणी. निळी फुलं येतात, कोवळा पाला भाजीला जातो. कोरडवाहू माणसाला इतक्या स्वस्तात प्रथिनं देणारं पीक भीतीपोटी टाकून देऊ नये.

तूरडाळीत भेसळ वाटली तर चार दाणे तळहातावर घ्या. तुरीची डाळ गोलसर असते, लाखोळीची चौकोनी, एका बाजूने उतरती. लाखोळीच करायची असेल तर ओडॅप पाण्यात विरघळतं हे ध्यानात ठेवा. नुसती शिजवून भागत नाही. गरम पाण्यात भिजवा, ते पाणी ओतून द्या, मग शिजवा. आणि ताटात भात किंवा भाकरी असू द्या.