पुस्तकांची अंगतपंगत

महिन्यातील एका ठरलेल्या रविवारी आठ-दहा स्नेही एखाद्याच्या घरी जमतात, सर्वांनी वाचून आणलेल्या एका पुस्तकावर दोन-अडीच तास बोलतात आणि त्या निमित्ताने पोहे-थालीपिठाचाही समाचार घेतात. अशा वाचनकट्ट्यांकडे सुखवस्तूंचा विरंगुळा म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. वस्तुत: ह्या छोट्या संस्थेमागे एक पक्का व्यवहार आहे. तो ओळखला तर ती टिकते; न ओळखला तर पहिल्या उत्साहाबरोबरच ओसरते.

भिशी महाराष्ट्राला नवी नाही. भिशीत पैसा आकाशातून पडत नाही; स्वत:चाच पैसा फिरून आपल्याकडे येतो. तरीही ती चालते, कारण एकट्याने शिल्लक टाकण्याचा निश्चय टिकत नाही, दहाजणांसमोर दिलेला शब्द मात्र पाळला जातो. वाचनाचेही तसेच आहे. पुस्तकाची किंमत हा अडसर खरा, पण तो वाटून घेता येतो. एकाने वाचल्याने पुस्तक संपत नाही. खरी टंचाई आहे ती सवडीची आणि चित्ताच्या स्थैर्याची. कचेरीतून वा शाळेतून थकून आलेल्या माणसाचा फावला वेळ आज मोबाईल गिळून टाकतो. येत्या रविवारी चारचौघांत बोलायचे आहे, ही गोड सक्तीच त्याला रात्री दहा पाने वाचावयास लावते.

ह्या सक्तीचे सामर्थ्य इतिहासानेही पाहिले आहे. १७२७ मध्ये फिलाडेल्फियातील तरुण मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन ह्याने 'जंटो' नावाचे मित्रमंडळ काढले. दर शुक्रवारी सायंकाळी बैठक भरे. सभासदाने पाळीने चर्चेचे प्रश्न आणावेत, तीन महिन्यांतून एकदा स्वत:चा निबंध वाचावा, आणि कोणी हेकेखोरपणे बोलल्यास त्याने किरकोळ दंड भरावा, असे नियम होते. मंडळींनी आपापली पुस्तके एकत्र ठेवून पाहिली. निगा न राहिल्याने तो प्रयोग वर्षभरात आटोपला. परंतु त्याच मंडळातून १७३१ मध्ये वर्गणीचे ग्रंथालय उभे राहिले. ५० सभासदांनी आरंभी प्रत्येकी ४० शिलिंग आणि पुढे वर्षाला १० शिलिंग द्यावयाचे होते. ते ग्रंथालय आजही चालू आहे. आपल्याकडेही ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये वाचनप्रेमी नागरिकांच्याच पुढाकाराने स्थापन झाले.

मग ह्यात खाण्याचे प्रयोजन काय? सहभोजनाने संकोच मोडतो. एरवी प्राध्यापकासमोर तोंड न उघडणारा विद्यार्थी बशी हातात आल्यावर आपले मत सांगून टाकतो. परंतु नेमकी येथेच पहिली चूक होते. एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी पोह्यांसोबत शिरा होतो, आणि चौथ्या घरी पावभाजीवर आइस्क्रीम येते. ज्याच्या दोन खोल्यांत आणि तुटपुंज्या पगारात हा थाट बसत नाही, तो आपली पाळी जवळ आली की काहीतरी निमित्त काढून गळतो. पुस्तक फुकट मिळूनही कट्ट्याचा प्रवेश महाग होतो, तो असा.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. दिवाणखान्यात स्त्रीच्या कोंडमाऱ्यावरील कादंबरीची चर्चा रंगलेली असते, आणि ती कादंबरी वाचलेली गृहिणी आत चहाचे आधण ठेवीत असते! घरातल्या घरात केलेला स्वयंपाक राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत येत नाही, हे अर्थशास्त्राचे विद्यार्थी जाणतात. निदान वाचणाऱ्यांनी तरी हाच हिशेब पुढे चालवू नये.

ह्यावरचा उपाय प्रत्येकाने शाळेतच पाहिलेला आहे: अंगतपंगत. आपापला डबा आणावा आणि मध्ये ठेवून वाटून खावा. चहा पाळीने करावा, त्यातून पुरुष सभासदांना सूट नसावी. कपबश्या सर्वांनी विसळाव्यात. पुस्तक शक्यतो गावच्या वाचनालयातून घ्यावे, म्हणजे तेथील वर्गणीदारही वाढतील.

यजमानीणबाई चर्चेला पहिल्यापासून शेवटपर्यंत बसलेल्या असतील आणि सर्वांत कमी पगाराचा सभासद पुढची बैठक आपल्याकडे मागून घेत असेल, तर तो कट्टा सुदृढ आहे असे समजावे. पुस्तके किती वाचून झाली, हा हिशेब त्यानंतरचा.