आधी खोली, मग भोंगा!

जुने हॉर्न स्पीकर रीलमध्ये भारी दिसतात आणि ऐकायला त्याहून भारी वाटतात. पण घरी आणायचं स्वप्न पाहत असाल, तर आधी मोजपट्टी हातात घ्या.

मंद पिवळा उजेड, भिंतभर रेकॉर्ड्स, कॉफीचा कप आणि समोर कपाटाएवढे दोन लाकडी खोके. त्यांच्या डोक्यावर धातूचा, रुंद तोंडाचा कर्णा. कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे फक्त ऐकतायत. असं रील तुमच्या फीडमध्ये एकदा तरी येऊन गेलं असेल. जपानमध्ये अशा जागांना ‘जॅझ किसा’ म्हणतात. परदेशी रेकॉर्ड आणि चांगली सिस्टीम विद्यार्थ्यांच्या खिशाला झेपत नव्हती, त्या काळात एका कॉफीच्या पैशांत तासन्‌तास ऐकायची सोय म्हणून या जागा वाढल्या. इचिनोसेकी या छोट्या शहरात १९७० मध्ये सुरू झालेलं ‘बेसी’ तर ऐकवेडे लोक शोधत जायचे. तिथे वाजायचे ते जेबीएलचे हॉर्न स्पीकर.

ते बघून ‘आपल्याही घरी अशी एक खोली हवी यार’ असं वाटलं, तर त्यात चुकीचं काहीच नाही. आज नाही तर पहिल्या नोकरीनंतर. गडबड होते ती निवडताना. बहुतेक जण आधी ब्रँड ठरवतात, मग पैसे जमवतात आणि स्पीकर दारात आल्यावर खोलीकडे बघतात. क्रम नेमका उलटा हवा. आधी खोली, मग बसण्याचं अंतर, मग अँप आणि सगळ्यात शेवटी नाव. का, ते कळायला हा भोंगा मुळात करतो काय, ते पाहू.

तुतारीचं लॉजिक

मैदानापलीकडच्या मित्राला हाक मारताना तुम्ही तोंडाभोवती दोन्ही हात धरता ना? झालं, तुम्ही हॉर्न बनवलात. स्पीकरचा पडदा जड असतो आणि समोरची हवा हलकी. पडदा जोर लावतो, पण हवेवर त्याची पकडच बसत नाही. म्हणून नेहमीच्या स्पीकरमध्ये अँपने दिलेल्या शक्तीपैकी जेमतेम एक-दोन टक्के आवाज बनतो, बाकीची उष्णता होऊन जाते. पडद्यापुढे अरुंद गळ्यापासून हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा लावला, की गळ्याशी कोंडलेल्या हवेवर त्याला नीट जोर लावता येतो आणि ती शक्ती रुंद तोंडातून खोलीत उतरते. तुतारी, शिंग, सनईचं खालचं तोंड, ग्रामोफोनचा कर्णा, सगळे एकाच घराण्यातले. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा मायक्रोफोन वापरातच नव्हता. त्या कर्ण्यात गायल्या आणि लोकांनी त्यांना कर्ण्यातूनच ऐकलं.

मग जत्रेतला किंवा प्रचाराच्या रिक्षावरचा भोंगा इतका कर्कश का? कारण तो फक्त बोलणं लांबवर पोचवायला बनलाय. आकार लहान राहावा म्हणून त्याचा कर्णा आत दुमडलेला असतो, खालचे सूर त्यात येतच नाहीत आणि वर त्याला झेपेल त्यापलीकडे ताणलेलं असतं. घराणं तेच, तालीम वेगळी.

हजार खुर्च्यांसाठी जन्मलेले

१९२६ मध्ये ‘डॉन जुआन’ आणि १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हे सिनेमे आवाजासकट आले, तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांपुढे मोठा पेच होता. हॉल प्रचंड आणि अँप मोजक्या वॉटचं. वाट एकच होती, हॉर्न. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ‘५५५’ हा ड्रायव्हर याच काळातला. १९४५ मध्ये अल्टेक लान्सिंगने ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही मालिका आणली. त्याच कंपनीतून बाहेर पडून जेम्स लान्सिंग यांनी १९४६ मध्ये स्वतःची कंपनी काढली, तीच आजची जेबीएल.

घरासाठीही हॉर्न बनले, पण ऐसपैस दिवाणखाने डोळ्यांपुढे ठेवून. मग १९५४ मध्ये एआर-१ नावाचा छोटा, बंद खोका आला. छोट्या खोक्यातून चक्क खोल बास! १९५०च्या दशकाच्या शेवटी स्टिरिओ रेकॉर्ड आल्या आणि घरात एकाऐवजी दोन स्पीकर लागू लागले. पुढे ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले. हॉर्नची गरजच संपली आणि ते घराबाहेर गेले.

थोडक्यात काय, तर आज जे ‘व्हिंटेज’ म्हणून विकलं जातं, ते एक तर थिएटरसाठी बनलंय किंवा मोठ्या बंगल्यासाठी. तुमची दहा बाय बाराची बेडरूम डोळ्यांपुढे ठेवून ते कुणीच बनवलेलं नाही.

तरी लोक त्यांच्यामागे का धावतात? साधा हिशोब करा. नेहमीचा बुकशेल्फ स्पीकर एका वॉटमध्ये, एक मीटरवर साधारण ८७ डेसिबल आवाज देतो. मोठा हॉर्न देतो १०२च्या आसपास. दर तीन डेसिबलला लागणारी शक्ती दुप्पट होते. म्हणजे पंधरा डेसिबलच्या फरकाला पाच वेळा दुप्पट, एकूण ३२ पट. जिथे बुकशेल्फला ९६ वॉट लागतील, तिथे हॉर्नचं ३ वॉटमध्ये भागतं. पडद्याला फार हलावं लागत नाही, त्यामुळे तबल्याची थाप, पियानोचा ठोका, गायकाने अचानक उचललेला आवाज, हे सगळं न दबता येतं. हळू आवाजातही गाणं जिवंत वाटतं. ही खरी मजा आहे.

मोजपट्टी काढा

आता खोलीचं गणित. ५० हर्ट्झच्या सुराची एक लाट साधारण सात मीटर लांब असते. तो सूर हॉर्नमधून नीट काढायचा तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर जवळपास तेवढा लागतो. म्हणजे सात फूट व्यासाचं तोंड! म्हणून बहुतेक जुन्या सिस्टीममध्ये वरच्या सुरांना हॉर्न आणि खालच्यांना पंधरा इंची वूफर, अशी विभागणी दिसते.

इथेच अंतराचा प्रश्न येतो. वर हॉर्न, खाली वूफर, दोघांत दीड-दोन फुटांचं अंतर. थिएटरमध्ये तुम्ही लांब बसता, त्यामुळे दोन्ही आवाज एकत्र येऊन एक होतात. सहा फुटांवर बसलात तर गायकाचा खर्ज खालून आणि ‘स’ वरून, असं तुकड्यांत ऐकू येतं. मोठ्या थिएटर स्पीकरला दहा-बारा फूट तरी द्यावेत. भिंतीपासून स्पीकरची खोली आणि तुमच्या पाठीमागची जागा धरली, तर हॉल पंधरा-सोळा फूट लांब हवा.

शिवाय प्रत्येक खोलीचे स्वतःचे लाडके सूर असतात. १२ फूट लांबीला साधारण ४७ हर्ट्झ आणि १० फूट रुंदीला ५६ हर्ट्झच्या आसपास बास फुगतो, तर खोलीतल्या काही जागी तोच गायब होतो. लांबी-रुंदी सारखी असेल तर दोन्ही फुगवटे एकाच सुरावर चढतात. अशा चौकोनी खोलीत कितीही महागडा स्पीकर आणा, ढोल घुमतच राहणार.

एक गोष्ट मात्र हॉर्नच्या बाजूची आहे. आपल्याकडे लादी, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या. आवाज सगळीकडून परत येतो. हॉर्न आवाज पुढच्या दिशेने धरून ठेवतो, त्यामुळे बाजूच्या भिंतींवरून परतणारा गोंधळ कमी होतो.

कुणाच्या खोलीत कोण?

क्लिप्शहॉर्न: पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या होप या गावी कंपनी सुरू केली. त्यांची युक्ती अफलातून होती. स्पीकर कोपऱ्यात ठेवायचा, म्हणजे दोन भिंती आणि जमीन कर्ण्याचाच पुढचा भाग बनतात आणि लाकडी खोक्यात दुमडलेल्या छोट्या कर्ण्यातूनही खोल बास निघतो. पण त्यासाठी एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे मोकळे हवेत आणि स्पीकर तिथे घट्ट बसायला हवा. आपल्या फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात दार आणि दुसऱ्यात बाल्कनी. तसं असेल तर चार फुटांहून उंच असलेल्या या धुडाचा नाद सोडा.

अल्टेक ए-७: ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’मधला घरी सगळ्यात जास्त आणला गेलेला. पंधरा इंची वूफर, वर हॉर्न. आवाजाला, ब्रासला तोड नाही. पण अगदी खोल बास आणि अगदी वरची झळाळी दोन्ही कमी, कारण त्या काळच्या सिनेमाच्या पट्टीवर ते नसायचंच. जुन्या गाण्यांचं वेड आणि मोठा हॉल असेल, तरच.

टॅनॉय ड्युअल कॉन्सेन्ट्रिक: १९४७ पासूनची ब्रिटिश कल्पना. वरच्या सुरांचा हॉर्न थेट वूफरच्या पोटातून बाहेर येतो, त्यामुळे सगळा आवाज एकाच बिंदूतून निघतो. जवळ बसलात तरी गायकाचे तुकडे होत नाहीत. मध्यम खोलीसाठी हा शहाणा पर्याय. मात्र यातले सगळ्यात मोठे खोके इथेही मोठीच जागा मागतात.

क्लिप्श हेरेसी: कोपऱ्याच्या या भक्ताने १९५७ मध्ये कोपऱ्याशिवाय चालणारा, दोन फुटांहूनही कमी उंचीचा स्पीकर काढला. नावच ‘हेरेसी’, म्हणजे पाखंड! बास थोडा कमी, पण दहा बाय बाराच्या खोलीत हॉर्नची चव घ्यायची तर सुरुवात इथून करा.

जुना माल घेताना

नावावर जाऊ नका, तपासा. मल्टिमीटर जवळ ठेवा. ८ ओहमचा वूफर साधारण ६ ओहम दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल गेली. डाव्या-उजव्या स्पीकरचे आकडे जवळपास सारखे हवेत. वूफरच्या कडेला फोम असेल तर बोटाने हलकेच दाबून पाहा. दमट हवेत तो काही वर्षांत भुगा होतो. कापडी कड जास्त टिकते. हॉर्नच्या ड्रायव्हरमधला पातळ पडदा मूळचा आहे की बदललेला, ते विचारा. क्रॉसओव्हरमधले जुने कपॅसिटर बदलावे लागतील, असं धरूनच किंमत बोला. खोक्याला वाळवी लागलीय का, तेही ठोकून बघा.

अँप शांत हवं. हॉर्न इतका तिखट कानाचा असतो, की इतर स्पीकरवर कधीच न जाणवलेली अँपची ‘स्स्स’ इथे स्पष्ट ऐकू येते. ८ वॉटचं चांगलं अँप इथे १०० वॉटच्या गोंगाटी अँपपेक्षा कामाचं.

आणि ऐकायला जाताना आईचा किंवा जवळच्या मित्राचा आवाज मोबाइलवर नीट रेकॉर्ड करून न्या. शोरूमची भारी रेकॉर्ड सगळ्याच स्पीकरवर भारी वाटते. ओळखीचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटला, तर हॉर्न रंग चढवतोय हे तिथल्या तिथे कळतं. तुमच्या घरी बसण्याचं अंतर जेवढं असेल, बरोबर तेवढ्यावरच खुर्ची ठेवून ऐका. तिथे आवाज एकाच तोंडातून आला तर पुढे बोला, नाही तर चहा पिऊन परत या.

कान एकच जोडी मिळते

साधा स्पीकर ताणला की आवाज फाटतो आणि आपण आपोआप कमी करतो. हॉर्न फाटत नाही. म्हणून तो किती मोठा वाजतोय, हे लक्षातच येत नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेचा कामाच्या जागेसाठीचा निकष आहे ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! हॉर्नला १०० गाठायला एखाद-दोन वॉट पुरतात. गेलेली श्रवणशक्ती रिपेअर होत नाही, त्यामुळे आवाज मोजणारं अ‍ॅप फोनवर ठेवा. अंदाजापुरतं ते पुरेसं आहे. भिंतीपलीकडच्या काकूंचाही विचार करा. आपल्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

पैसे नाहीत? हरकत नाही, निम्मं काम फुकटात होतं. आज खोली मोजा. मधोमध उभं राहून टाळी वाजवा; मागून झणझण आली तर एक सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेला रॅक लावा. आहेत तेच स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा आणि पुन्हा ऐका. फरक पडतोच. लॅमिंग्टन रोड किंवा बुधवार पेठेतल्या दुकानांत जाऊन हॉर्न ड्रायव्हर हातात घेऊन पाहा, प्रश्न विचारा. उद्या खरंच लाखभर रुपये खर्च करायची वेळ आली, तर तुम्हाला काय घ्यायचंय हे विकणाऱ्याच्या आधी तुम्हाला माहीत असेल.