नव्या कोऱ्या यानाची अडचण

१९८४च्या ‘द लास्ट स्टारफायटर’ या चित्रपटात अवकाशातल्या झुंजींसाठी छोट्या प्रतिकृती वापरल्याच नाहीत. रॉन कॉब यांच्या आराखड्यावरून ‘गनस्टार’ हे यान थेट क्रे एक्स-एमपी महासंगणकावर घडलं. आज बघताना मात्र ते शोरूममधून आत्ताच बाहेर काढल्यासारखं वाटतं. खरेपणा मळात असतो: इंजिनाच्या तोंडाशी काजळी, शेजारशेजारच्या पत्र्यांची चकाकी किंचित वेगळी. पत्र्याची कडही सुरीसारखी धारदार नको; जराशी गोलवली की तिच्यावर उजेडाची बारीक रेघ उमटते. आणि सावली? अंतराळात उजेड पसरवायला हवा नसते, म्हणून ती काळीकुट्ट. तरी सिनेमावाले दुसऱ्या बाजूने चोरून थोडा उजेड टाकतातच. नाहीतर अर्धं यान दिसायचंच नाही!