संधिवाताभ संधिशोथ आणि कटिप्रदेशातील मज्जातंतूंवरील परिणाम : एक विवेचन

प्रस्तावना :
व्यवहारात सांध्यांच्या प्रत्येक दुखण्यास ‘संधिवात’ असे संबोधले जाते. तथापि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस अर्थात संधिवाताभ संधिशोथ हा स्वतंत्र विकार असून, शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर आघात करू लागल्याने तो उद्भवतो. आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये त्यास हे इंग्रजी नाव दिले. हातापायांचे लहान सांधे व पाठीच्या कण्यातील मानेचा भाग यांत तो प्रामुख्याने आढळतो. त्यामुळे कमरेकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

कारणमीमांसा :
प्रौढ व्यक्तीत मेरुरज्जू सामान्यतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली मज्जामुळांचा ‘अश्वपुच्छ’ नावाचा झुपका असतो. या मुळांवर पुढील कारणांनी दाब येऊ शकतो.
१) मणक्यांना मागील बाजूने जोडणारे सांधे दाहामुळे झिजतात. परिणामी मणका पुढे सरकतो किंवा सांध्यालगत द्रवयुक्त गाठ निर्माण होऊन मज्जामार्ग अरुंद होतो.
२) दीर्घकालीन दाह व स्टेरॉइड औषधे यांमुळे हाडे ठिसूळ होऊन मणका दबतो. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये या रोगावर कॉर्टिझोनचा प्रथम वापर केला व १९५० मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. त्याच उपचाराची ही दुसरी बाजू होय.
३) प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांमुळे कण्यात जंतुसंसर्ग होऊन पू साचू शकतो.

लक्षणे व निदान :
कमरेतून पायात उतरणारी कळ, मुंग्या, चालताना पाय जड होणे व बसल्यावर आराम वाटणे ही प्रमुख लक्षणे होत. पाऊल उचलता न येणे हे मात्र रक्तवाहिन्यांच्या दाहामुळे पायातील मज्जातंतूस इजा झाल्यानेही घडते. म्हणून एमआरआय तसेच मज्जातंतूंच्या संवहनाची चाचणी यांद्वारे मूळ कारण निश्चित करावे लागते. लघवी तुंबणे, मल-मूत्रावरील ताबा सुटणे, जांघेतील व बैठकीच्या भागातील संवेदना हरपणे ही अश्वपुच्छावरील दाबाची चिन्हे असून, अशा वेळी तातडीची तपासणी व बहुधा शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. विलंबाने कायमचे अपंगत्व येऊ शकते.

निष्कर्ष :
मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी दाहाचे वेळीच नियंत्रण, स्टेरॉइडची किमान मात्रा, अस्थिघनतेची तपासणी व नियमित व्यायाम यांमुळे हा धोका कमी करता येतो. सांधेदुखीच्या जुन्या रुग्णाची नवी कंबरदुखी ‘वाताचीच’ आहे असे गृहीत न धरता तिचे कारण शोधणे, हाच या विवेचनाचा मथितार्थ होय.