लहान विमानतळावरून प्रवास करणारांस चार सूचना

(वरवंड येथील एका सेवानिवृत्त महसूल कारकुनाकडून)

विमानाचा प्रवास म्हणजे मुंबईच्या व्यापाऱ्यांचें काम, अशी समजूत आतां राहिलेली नाहीं. सरकारनें २०१६ सालीं ‘उडान’ योजना पुढें आणली आणि लहान शहरांतूनहि विमानें सुटूं लागलीं. शिरडीजवळ काकडी येथील विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजीं व सिंधुदुर्गांतील चिपीचा ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं सुरू झाला. आमच्या पुणें-सोलापूर हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकास, सोलापुरांत होटगी रस्त्यावर, ९ जून २०२५ रोजीं गोव्याचें व त्याच वर्षीं १५ ऑक्टोबर रोजीं मुंबईचें उड्डाण सुरू झालें. या विमानतळाच्या मार्गांत आड येते म्हणून श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजीं पाडण्यांत आली, हें ऊस-बागाइतदार विसरले नसतील. ज्या सोयीसाठीं शेतकऱ्यानें अशी किंमत मोजली, ती वापरण्याची रीत तरी त्यास नीट ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

१. कागदावरील नांव. मीं तीस वर्षें फेरफार व सातबारा यांच्या कागदांत घालविलीं. नांवांतील एका अक्षरानें वारसाची नोंद कशी अडते, हें अनेक खातेदारांस समजावून सांगितलें. आणि स्वतःच्या घरीं मात्र तेंच विसरलों. थोरल्या बहिणीस शस्त्रक्रियेसाठीं परगांवीं न्यावयाचें होतें. तिकीट भाच्यानें काढलें, पण नांव मींच सांगितलें, तें सवयीनें तिच्या माहेरचें. ओळखपत्रावर नांव सासरचें. एका लहान विमानतळाच्या दारावर जवानानें आम्हांस थांबविलें. त्याचा दोष नव्हता. त्याच्यापुढें दोन कागद होते आणि त्यांवर दोन निरनिराळ्या बायका होत्या. आमच्या डोळ्यांदेखत विमान गेलें. त्या दिवशीं दुसरें नव्हतें. शस्त्रक्रिया दोन दिवस पुढें गेली, व ते दोन दिवस माझ्या घशाखालीं घांस उतरला नाहीं. आक्का तेवढी शांत होती. ती म्हणाली, “अरे, जन्मभर लोकांचीं नांवें दुरुस्त केलींस, माझें तेवढें राहिलें!” ईश्वरकृपेनें ती आज बरी आहे. परंतु वाचकांनीं यावरून बोध घ्यावा : ओळखपत्र समोर ठेवून त्याबरहुकूम नांव लिहवावें, व तिकीट हातीं येतांच दोन्ही कागद ताडून पाहावे. मतदार ओळखपत्र, आधार वगैरे जें दाखवावयाचें तें खिशांत असावें; पेटींत घालून पेटी देऊन टाकूं नये. बरोबर मूल असल्यास त्याच्या वयाचाहि दाखला घ्यावा.

२. वेळ. लहान विमानतळावर चालणें थोडें, गर्दी थोडी. म्हणून माणूस एस. टी. स्टँडावर जावें तसा सावकाश जातो. हीच चूक होय. बहुतेक कंपन्या विमान सुटण्यापूर्वीं एक तास सामान घेणें बंद करतात, व विमानांत चढण्याचें दार सुमारें २५ मिनिटें आधीं बंद होतें. मोठ्या विमानतळावर एक विमान चुकल्यास दोन-चार तासांनीं दुसरें मिळूं शकतें. येथें दुसरें बहुधा उद्यां, कधीं तीन दिवसांनीं. यास्तव दोन तास आधीं पोहोंचावें. घरून भाकरी बांधून न्यावी, आणि उतरल्यावर लागणारी मोटार आधींच ठरवून ठेवावी.

३. सामान. बहुतेक कंपन्यांत पोटांत टाकावयाचें सामान १५ किलो व हातांतील ७ किलो चालतें. तिकिटावर आंकडा पाहून घरींच वजन करावें. अडकित्ता, चाकू, विळा हीं हातांतील पिशवींत चालत नाहींत; मोठ्या पेटींत घालावीं. तूप, काकवी, लोणचें यांचेहि तसेंच, घट्ट झांकणाच्या भांड्यांत. काडीपेटी बरोबर घेऊं नये. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळें पेट घेऊं शकतात, म्हणून त्या कोठेंच नेऊं देत नाहींत. पिकावर फवारावयाचें विषारी औषध, किंवा पेट्रोलचा अंश राहिलेला पंप, नेण्याचा विचारहि मनांत आणूं नये. मोबाईल भरण्याची सुटी बॅटरी मात्र हातांतील पिशवींतच ठेवावी.

४. हवामान. या मार्गांवर बहुधा सुमारें सत्तर आसनांचीं, पंख्यांचीं विमानें असतात. मोठ्या विमानतळावरील सर्व यंत्रें लहान ठिकाणीं नसल्यामुळें पहांटेचें धुकें किंवा पावसाळी ढग खालीं आले कीं विमान उतरूं शकत नाहीं. दुसरीकडे वळतें किंवा रद्द होतें. रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत किंवा दुसरें उड्डाण, यांतून निवड करण्याचा हक्क प्रवाशाचा आहे; तो मागून घ्यावा. शिवाय हे मार्ग सुरू होतात तसे बंदहि पडतात. जळगांवचीं विमानें २०१७ च्या डिसेंबरांत सुरू झालीं, मध्यंतरीं खंडलीं, व २०२४ च्या एप्रिलांत पुन्हां सुरू झालीं. म्हणून उड्डाण चालू आहे काय, तें तिकिटापूर्वीं व निघण्याच्या आदल्या दिवशीं विचारावें. कोर्टाची तारीख, इस्पितळ, लग्न असें काम असल्यास एक दिवस आधींचें विमान धरावें, आणि दौंडची रेल्वे मनांत राखून ठेवावी.

मोजणीच्या दिवशीं बांधावर आपण कागद घेऊन वेळेपूर्वीं उभे राहतों, कारण ती तारीख चुकली कीं पुढची कधीं येईल याचा नेम नसतो. लहान विमानतळाचेंहि तसेंच आहे. एवढें ध्यानीं ठेवणारास तेथें कांहींएक अडचण पडूं नये.