प्रिंटरची रांग अडली तर काय तपासावे?



उत्सवाचे दिवस जवळ आले की कार्यालयातल्या प्रिंटरला उसंत नसते. कार्यक्रमपत्रिका, वर्गणीच्या पावत्या, सभासदांच्या याद्या सगळे एकदमच लागते. नेमका तेव्हा कागद बाहेर येईना, की आपण पुन्हा पुन्हा ‘प्रिंट’ दाबत राहतो. त्याने रांग फक्त वाढते. कार्यालयाच्या संगणकावर युनिक्सच्या कुळातली लिनक्स प्रणाली आहे. तिथली रांग कशी तपासायची, ते आम्ही येथे देत आहोत.

छापायला दिलेला मजकूर आधी संगणकाच्या डिस्कवर रांगेत थांबतो. ही रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रामला स्पूलर म्हणतात. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हे काम ‘कप्स’ करतो. ॲपलच्या मॅक संगणकांतही तोच असतो.

या रांगेला दोन दारे आहेत असे समजा. आत येण्याचे दार बंद असेल तर नवे काम घेतलेच जात नाही. बाहेरचे दार बंद असेल तर काम घेतले जाते, पण छापले जात नाही. फसगत होते ती या दुसऱ्या प्रकारात. एखादे काम फसले की कप्स प्रिंटरची रांग थांबवून ठेवू शकतो. मग तार नीट जोडली, प्रिंटर बंद करून पुन्हा लावला, तरी रांग हलत नाही.

तपासण्यासाठी ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, अपूर्णविराम (:) आणि ६३१ हा आकडा लिहावा. ‘प्रिंटर्स’ या पानावरून आपल्या प्रिंटरचे पान उघडावे. तिथे ‘पॉज्ड’ दिसले तर बाहेरचे दार बंद आहे. ‘रिजेक्टिंग जॉब्ज’ दिसले तर आतले. आधी नको असलेली कामे रद्द करावीत. नाहीतर दहा वेळा दाबलेली पत्रिका दहा वेळा छापून येईल. मग ‘मेंटेनन्स’च्या यादीतून ‘रिझ्यूम प्रिंटर’ किंवा ‘ॲक्सेप्ट जॉब्ज’ निवडावे.

मांडणीच्या फायली ‘ईटीसी’मधल्या ‘कप्स’ फोल्डरमध्ये असतात. बदल करण्यापूर्वी त्यांची प्रत काढून ठेवावी. त्यातली ‘प्रिंटर्स’ ही फाईल कप्स स्वतःच लिहितो, म्हणून तो चालू असताना तिला हात लावू नये.

आणखी एक महत्त्वाचे. छापून झालेल्या कामाची फाईल मूळ मांडणीनुसार ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, डिस्कवर राहते. सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक त्यात असू शकतात. ‘प्रिझर्व्ह जॉब फाइल्स’ या ओळीपुढे ‘नो’ लिहून कप्स पुन्हा सुरू केला, की छपाई झाल्यावर फाईल लगेच पुसली जाते. जुने काम मग पुन्हा छापता येत नाही. पण सभासदांची माहिती सांभाळायची तर एवढी गैरसोय सोसायला हवी, असे आम्हाला वाटते.