भिंतीवरचं सोलर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘आपल्याकडे ऊन एवढं कडक, मग मे महिन्यात सोलर जोरातच चालणार,’ असं सोसायटीच्या सभेत कुणीतरी हमखास म्हणतं. पॅनेल वीज बनवतं ती उजेडापासून. उष्णता त्याला मारक असते. पॅनेलची क्षमता मोजतात ती सेलचं तापमान २५ अंश धरून. मेच्या दुपारी गच्चीवरचा सेल सहज ६० अंशांपर्यंत तापतो. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलची वीज दर अंशामागे साधारण ०.३५ टक्क्यांनी घटते. ३५ अंशांच्या फरकाला १२ टक्के गेले. म्हणजे ४०० वॅटच्या पॅनेलकडून भर उन्हात ३५० वॅट धरून चालावं. कोटेशनसोबतच्या माहितीपत्रकात ‘टेंपरेचर कोएफिशंट’ अशी एक ओळ असते. ती वाचल्याशिवाय सही करू नये.

पॅनेल इमारतीचाच भाग म्हणून, म्हणजे छत, छज्जा किंवा भिंतीचं आवरण म्हणून बसवायचं असेल, तर हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. स्टँडवरच्या पॅनेलला मागून वारा लागतो. तेच भिंतीला घट्ट चिकटवलं की जास्त तापतं, वीज घटते आणि ती धग भिंतीतून खोलीत उतरते. मागे पोकळी हवी, खालून हवा आत यायला आणि वरून बाहेर पडायला वाट हवी.

ही पोकळी ठेवली, तर ‘सोलरमुळे वरचा मजला तापतो’ ही भीती उलटी ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११मध्ये मोजमाप मांडलं: पॅनेलखालच्या छतापर्यंत पोचणारी उष्णता सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाली होती. आपल्या हवेत पॅनेलच्या या सावलीचं मोल फार मोठं आहे. एसी कमी चालल्यामुळे वाचलेले युनिट सोलरच्या मीटरवर दिसत नाहीत, म्हणून हिशेबात कुणी धरत नाही. ते धरायलाच हवेत.

सगळ्यात हट्टी गैरसमज दक्षिणेच्या भिंतीचा. युरोपात सूर्य कलून जातो, तिथे दक्षिण भिंत खरोखरच कामाची. मुंबईत मेच्या मध्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. जूनमध्ये तो किंचित उत्तरेला सरकतो. तेव्हा दुपारी दक्षिण भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. थंडीत तिला चांगलं ऊन मिळतं, पण भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन झेलतात त्या पूर्व-पश्चिम भिंती. तरीही विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात उभ्या भिंतीवर वर्षभरात सपाट गच्चीच्या साधारण निम्माच प्रकाश पडतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं: आधी गच्ची भरा, मग खिडक्यांवर पॅनेलचे उतरते छज्जे काढा. एकच छज्जा वीज देतो आणि खोलीत येणारं ऊनही अडवतो. उभी भिंत शेवटी.

शेवटी म्हणजे कधीच नाही, असं मात्र नव्हे. उंच इमारतीला गच्ची जेमतेम असते आणि भिंती भरपूर. नवी मुंबईत महापे इथल्या कंट्रोल-एस डेटा सेंटरच्या चारही भिंतींवर मिळून ८६३ किलोवॅटची पॅनेल आहेत. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातली एसडीई-४ ही इमारत २०१९मध्ये खुली झाली. तिच्यावर बाराशेहून अधिक पॅनेल आहेत, पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे आलेलं रुंद छप्पर आणि एसीच्या जोडीला लावलेले पंखे. आधी गरज उतरवली, मग वीज बनवली.

आणखी दोन गैरसमजांबद्दल: पावसाळ्यात उत्पादन घटतं, थांबत नाही. आणि लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद होतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर ते मुद्दाम करतो.

नवं बांधकाम असेल तर हे सगळं नकाशावरच ठरवून घ्यावं. भिंतीवरच्या पॅनेलमागची वायर तपासायला आणि एखादं पॅनेल बदलायला माणूस तिथपर्यंत पोचणार कसा, हे आर्किटेक्टला तेव्हाच विचारावं.